भालेराव काकांचा काँग्रेसवाला

"ऑफिसात कुठं बसता?"

इंग्लंडमधल्या रीडिंग गावाला राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी शेजारचे भालेराव काका कुंपणापाशी आले आणि त्यांनी मला हा प्रश्न विचारला. परदेशातला मराठी माणूस पहिल्या भेटीत काय विचारतो ते मला तोवर पाठ झालं होतं. पुण्यात कुठे? व्हिसा कुठला? घर भाड्याचं की घेतलं? या प्रश्नांना माझी उत्तरं तयार असायची. हा प्रश्न मात्र नवा होता.

"एम-फोर हायवेच्या बाजूला बिझनेस पार्क आहे ना, तिथे," मी म्हटलं.

"ते ऑफिस झालं हो. त्यात तुम्ही कुठं बसता? खिडकीपाशी? पाठ कुणाकडं?"

मला विचार करावा लागला. "प्रिंटरजवळ. पाठ दाराकडे."

काकांचा चेहरा असा पडला की जणू मी घरातलं काही वाईट सांगितलं. "थांबा," म्हणून ते आत गेले आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आले. एक कुंपणावरून माझ्या हातात दिली. "आधी बसू या. उभ्यानं काही बोलायचं नसतं." मग कुंपणाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, असे आम्ही बसलो. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्याकडून विचारून विचारून माझ्या ऑफिसचा नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण आधी. मग दारं, खिडक्या. बसलेलं माणूस म्हणजे चौकोन, उभं माणूस म्हणजे गोल.

"माणसानं दाराकडं तोंड करून बसावं. कोण आलं ते दिसतं," त्यांनी सांगितलं. "मॅनेजरला सांगा, मला ही जागा पाहिजे."

मी अर्थातच मॅनेजरला काही सांगितलं नाही. पण सोमवारी ऑफिसात शिरल्यावर कोण कुठे बसतं ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. भारतातून आलेले आम्ही सगळे प्रिंटरजवळ होतो.

काका मूळचे कराडकडच्या एका खेड्यातले. साठच्या दशकात ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा घेऊन इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत नकाशेच काढत राहिले. उंच, सडपातळ, डोक्यावर केस औषधालाही नाहीत. पेन्सिलीला टोक ब्लेडनं काढायचे. शार्पनरला ते आळशी माणसाचं यंत्र म्हणत. रस्ता विचारला तर सांगत नसत, काढून देत. आणि कोणालाही अरे-तुरे करत नसत. माझा ओम तेव्हा तीन वर्षांचा होता. त्यालाही "अहो ओमराव, बूट उलटे घातलेत तुम्ही," असं म्हणायचे. ओमला ते इतकं आवडायचं की तो मुद्दाम बूट उलटे घालून त्यांच्या दारात जायचा.

घडीची खुर्ची त्यांच्या गाडीत कायम असे. बस स्टॉपवर ती उघडत, सुपरमार्केटच्या रांगेत उघडत. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला असायचा आणि घरचं वाटावं म्हणून मंडळी हौसेनं सतरंज्या अंथरायची. काका तिथेही आपली खुर्ची उघडून भिंतीकडेला बसायचे. यावरून मंडळात कुजबुज सुरू झाली. मराठीत खुर्चीला एकच अर्थ आहे का? सेक्रेटरी जोगळेकरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या शेजाऱ्यांना अध्यक्ष व्हायचंय का हो? खुर्ची घेऊन हिंडतात म्हणून विचारलं." मी म्हटलं, गुडघे दुखत असतील. पण गुडघे दुखत नव्हते. काका रोज थेम्सच्या काठानं लांबवर चालून यायचे.

काँग्रेसवाला त्यांच्या आयुष्यात आला तो याच खुर्चीवर बसून मोजमापं घेताना.

आमच्या भागात एक जुनं चर्च आहे. शहर वाढत वाढत येण्याआधी तिथे वेगळं गाव होतं. गावाच्या इतिहासाची आवड असलेल्या लोकांचा एक गट होता आणि मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिका तो चालवायच्या. त्यांना चर्चचा आणि आवारातल्या थडग्यांचा नकाशा हवा होता. काकांनी तो काढून द्यायचं कबूल केलं. आत मोजताना फुलदाण्यांच्या कपाटामागे त्यांना भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी सापडली. या गावात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काँग्रेसचे सभासद झालेल्या ओबादाया टकवेल यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या बहिणीनं लावलेली.

काका घरी आले आणि शांताकाकूंना म्हणाले, "अहो, आपल्या चर्चमध्ये एक काँग्रेसवाला आहे."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "इथंही?"

ही अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, हे काकूंना समजावून सांगण्यात ती संध्याकाळ गेली. पण घरात नाव पडलं ते काँग्रेसवाला. काकू रागावल्या की टकल्या म्हणायच्या. मग टकल्या म्हणजे नवरा की टकवेल हे संदर्भानं ओळखावं लागे.

काकांनी त्याचा पिच्छाच पुरवला. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसायचे, अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना ईमेल पाठवायचे, उत्तर आलं की कुंपणापाशी दोन खुर्च्या उघडायचे. त्यातून निघालं ते एवढंच. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. तरुणपणी जहाजानं अमेरिकेला गेला. तिथे उत्तरेकडच्या एका राज्यात स्वतःचा कातड्याचा कारखाना काढला. लोकांनी त्याला एकदा काँग्रेसवर निवडून दिलं. तिथे तो एकदाच बोलला, तेही कातड्यांवरच्या कराबद्दल. पुढच्या निवडणुकीत पडला, कारखान्यात परत गेला आणि वारला. माझ्या नवऱ्याचं, निखिलचं मत असं की ही कारकीर्द नसून बायोडेटा आहे, तोही एका पानाचा. पण काकांना तो माणूस पुरत नव्हता. तो उंच होता का? काँग्रेसमध्ये गेला त्या दिवशी त्याच्या हातांना कातड्याचा वास येत असेल का? शेजारी कोण बसायचं? ते लोक त्याच्याशी बोलायचे का?

पुढे मंडळानं सभासदांना भाषणाला विषय सुचवायला सांगितलं आणि काकांनी सुचवला. ईमेल आली ती अशी: "एका विस्मृत काँग्रेसवाल्याची कारकीर्द. वक्ते: श्री. रामचंद्र भालेराव. नंतर चहापान."

मंडळाच्या भाषणांना एरवी वक्त्याचे नातेवाईक आणि चहाची व्यवस्था बघणारे एवढेच लोक असतात. त्या दिवशी हॉल भरला. भारतात निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि सगळ्यांच्या पोटात मतं साचली होती. वॉटफर्डहून एक गृहस्थ वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाईल काखेत मारून आले होते. जोगळेकर दारात उभे राहून "शांततेत होऊ द्या हं," असं प्रत्येकाला सांगत होते. विस्मृत म्हणजे नक्की कोण यावर मागच्या सतरंजीवर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं तो सांगलीचा, दुसऱ्याचं तो मराठवाड्यातला.

काका खुर्ची उघडून बसले आणि त्यांनी सुरुवात केली. "ओबादाया टकवेल यांचा जन्म इथून चालत जाण्याच्या अंतरावर झाला."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "काय वेल?"

"टकवेल."

"टक्कल म्हणतायत का ते?"

काका न हसता पुढे बोलत राहिले. टकवेल काँग्रेसमध्ये पहिल्यांदा गेला त्या दिवसाची कामकाजाच्या वृत्तांतातली नोंद त्यांनी मराठी करून वाचली. "हजर झाले, कागद दाखवले, जागेवर बसले." थांबले आणि परत वाचली. "हजर झाले, कागद दाखवले, जागेवर बसले." हे ऐकून हॉलमध्ये हशा पिकला, कारण हीथ्रोच्या रांगेत कागद दाखवून आलेलेच तर आम्ही सगळे होतो. काकांना लोक का हसले ते कळलं नाही. मला ते वाक्य दोनदा का वाचलं ते कळलं नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर वॉटफर्डचे गृहस्थ उठले. फाईल त्यांनी तोवर मांडीवरून खाली ठेवली होती. "सगळं ठीक आहे हो. पण या माणसाचा आणि आपला संबंध काय?"

"काही नाही," काका म्हणाले. "म्हणून तर बघतोय. संबंध असलेल्यांबद्दल आपण रोजच बोलतो."

गृहस्थ बसले. चहाच्या वेळी मात्र ते काकांपाशी गेले आणि टकवेल निवडणुकीत पडला कशानं, हे त्यांनी बराच वेळ समजून घेतलं. त्यानंतर मंडळात एक गंमत रूढ झाली. कोणी उशिरा आलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "हजर झाले! कागद दाखवा! जागेवर बसा!"

एका शनिवारी मी काकूंकडे थालीपिठाची भाजणी आणायला गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकांनी मोठा कागद पसरला होता. टकवेलच्या वेळचं गाव. पक्कं माहीत ते शाईनं, अंदाज ते पेन्सिलीनं, अशी त्यांची पद्धत. मध्ये चर्च, मोठ्या जमीनदाराचं घर, पब, विहीर, घरांच्या दोन ओळी. आणि या सगळ्यापासून दूर, ओढ्याच्या पलीकडे, एकटा एक चौकोन.

"हे टकवेलचं घर. आणि हे कातडी कमवायचे हौद," काका म्हणाले. मग त्यांनी एक बाण काढला. "वारा असा येतो. म्हणजे वास गावात जात नाही. पाणीपण यांच्या वाट्याला खालच्या अंगाचं."

"अगदी आपल्या गावांसारखं," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या गावाचा काढा बघू."

मी कोथरूडमध्ये वाढलेली. पण आजोबांच्या गावी उन्हाळ्याच्या सुटीत जायचे, म्हणून पेन्सिल घेतली. देऊळ काढलं, आमचं घर काढलं, पार काढला, शाळा काढली. ओढा काढला आणि थांबले. ओढ्यापलीकडे वस्ती होती हे मला माहीत होतं. तिथे किती घरं, विहीर कुठे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. काका वाट बघत होते. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून हळूच घेतली आणि शेजारी आपलं गाव काढलं. ओढ्याच्या पलीकडून सुरुवात केली. तिकडचं प्रत्येक घर त्यांना शाईनं काढता येत होतं. शाळेची खोली त्यांनी मोठी करून काढली. आत चौकोनांच्या ओळी. दाराबाहेर, भिंतीला लागून, एक गोल.

"हे आमचे दादा. माझे वडील," ते म्हणाले. "तिसरीपर्यंत शिकले. दाराबाहेर. ऊन आलं की भिंतीच्या कडेनं सरकायचे. पाऊस आला की घरी."

काकू तव्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला होता.

"पण ते बसलेले होते ना? मग गोल का?" मी विचारलं.

"भुईवर बसलेला तो बसलेला नव्हे," काका म्हणाले. "जागा दिली तर माणूस बसला म्हणायचं."

मला फार वाईट वाटलं आणि त्या भरात मी भलतंच बोलून गेले. "मग आता काढा ना चौकोन, काका. नकाशा तुमचाच आहे."

"तसं नव्हतं ना," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "नकाशात असेल ते काढायचं. असायला पाहिजे होतं, ते नाही काढायचं."

"पुरे आता," काकू म्हणाल्या. "थालीपीठ गार होतंय." काकांनी दोन्ही गावांचा कागद गुंडाळला. टकवेल जागेवर बसल्याचं ते वाक्य त्यांनी हॉलमध्ये दोनदा का वाचलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ओढ्यापलीकडची ती जमीन एका बिल्डरनं घेतली. टकवेलचे हौद जिथे होते तिथेच नव्या घरांची एक बंद गल्ली, इथल्या भाषेत क्लोज, होणार होती आणि तिला नाव सुचवा असं कौन्सिलनं रहिवाशांना कळवलं. काकांना आभाळ ठेंगणं झालं. टकवेल क्लोज! त्यांनी अर्ज केला, मार्गारेटच्या गटानं पाठिंबा दिला, मंडळातल्या लोकांनी सह्या दिल्या. वॉटफर्डच्या गृहस्थांनाही सही करायची होती, पण त्यांचं कौन्सिल वेगळं. पाटीवरची अक्षरं कशी असावीत तेसुद्धा काकांनी काढून ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. गावाबाहेरच्या पोराचं नाव गावाच्या रस्त्याला लागणार होतं.

गुलामांचा व्यापार ब्रिटननं बंद केला त्याला त्या सुमारास दोनशे वर्षं होत होती. जागोजागी प्रदर्शनं लागत होती, त्यावर बोललं जात होतं. एकदा मार्गारेट काकांना सहज म्हणाल्या, "राम, त्यानं गुलामांच्या प्रश्नावर मत कसं दिलं होतं, पाहिलंयस ना? कौन्सिलमध्ये विचारतील."

काकांनी पाहिलं नव्हतं. ज्या माणसानं टकवेलच्या कोटाला किती बटणं असतील यावर मला अख्खी दुपार बसवून ठेवलं होतं, त्यानं हे पाहिलं नव्हतं. काँग्रेसमधली मतं छापलेली होती आणि इंटरनेटवर कोणालाही बघता येत होती. "बघू की, कुठं पळून जातायत," असं ते म्हणायचे. लायब्ररीत जायचे आणि वर्तमानपत्र वाचून परत यायचे. काकूंनीच मला हे सांगितलं. "घाबरलेत ते," त्या म्हणाल्या. "माझ्या कॅन्सरच्या टेस्टच्या वेळीसुद्धा रिपोर्ट असाच टेबलावर ठेवून दिला होता."

शेवटी एक दिवस काका माझ्याकडे आले. "लायब्ररीत येता का? स्क्रीनवरचं बारीक दिसत नाही मला." चष्मा लावला की आभाळातल्या विमानावरचं नाव वाचता येईल अशी काकांची नजर होती. मी गेले.

सापडायला वेळ लागला नाही. गुलामीतून सुटलेल्या काही काळ्या माणसांनी काँग्रेसकडे एक अर्ज पाठवला होता. आम्हाला पकडून परत गुलाम करतात, आम्हाला संरक्षण द्या, अशी विनंती होती. सभागृहापुढे प्रश्न एवढाच होता की हा अर्ज आत घ्यायचा की नाही. मंजूर करायचा नव्हता, नुसता घ्यायचा होता. बहुमतानं ठरलं की घ्यायचा नाही. दोन्ही बाजूंची नावं खाली दिली होती.

"टकवेल आहे," मी म्हटलं.

"कुठल्या बाजूला?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी वाचलं. शेजारी एक आजी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होत्या, त्यांच्या माऊसचा टिकटिक आवाज तेवढा येत होता.

"याचे कागद घेतले त्यांनी," काका म्हणाले. "आणि यानं दुसऱ्यांचा कागद घेऊ दिला नाही."

मग त्यांनी चष्मा पुसला. "घ्यावा म्हणणारे कोण कोण होते? ती नावं वाचा." मी एकेक नाव वाचलं आणि त्यांनी ती सगळी पेन्सिलीनं लिहून घेतली.

रस्त्याच्या नावाचा अर्ज मागे घ्यायचा असं त्यांनी घरी सांगितल्यावर खडाजंगी झाली. मुलगी वैशाली इथेच जन्मलेली. ती मुद्दाम गाडी काढून आली. "बाबा, दोनशे वर्षांपूर्वीचा गोष्ट आहे तो. हू इज गोइंग टू चेक?"

"ती गोष्ट," काका म्हणाले.

"ओके, ती गोष्ट. पण तुमची किती मेहनत आहे त्याच्यात! लेट इट गो ना, बाबा."

काकूंना तर टकवेलशी काही देणंघेणं नव्हतं, पण नवऱ्याकडे बघवत नव्हतं. "इतकी वर्षं त्या टकल्याला घरात सांभाळलात," त्या म्हणाल्या, "आणि आता त्याला रस्त्यावर काढणार?"

"रस्त्यावर काढत नाही, शांता. रस्त्यावर जाऊ देत नाही." आणि बोलल्यावर स्वतःच हसले, पण डोळे भरून आले होते.

कौन्सिलच्या सभेला मी गेले होते. मार्गारेट होत्या, बिल्डरचा माणूस होता, कुत्र्यांच्या घाणीबद्दल तक्रार घेऊन आलेलं एक जोडपं होतं. काकांचं नाव पुकारल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्लीज टेक अ सीट, मिस्टर भालेराव."

काकांनी हातातली घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. समोर सरकवलेल्या खुर्चीकडेही पाहिलं नाही. "थँक यू. धिस वन आय विल डू स्टँडिंग."

ते थोडंच बोलले. नाव मी सुचवलं होतं, मीच मागे घेतो आहे. कारण सांगितलं. म्हणाले, मी ड्राफ्ट्समन आहे, आणि जे तिथे नव्हतं ते मला नकाशात काढता येत नाही. या माणसाला मी हवा तसा काढून ठेवला होता.

अध्यक्षबाईंच्या शेजारचे एक कौन्सिलर समजुतीनं म्हणाले, "मिस्टर भालेराव, आपण फार कठोर होताय. त्या काळी सगळेच तसे होते."

"सगळे नाही," काका म्हणाले. "माझ्याकडे नावं आहेत. वाचू?"

बाईंनी वाचा म्हटलं. त्यांना एक-दोन नावं अपेक्षित असावीत. काकांनी सगळी वाचली, उभ्यानं, सावकाश, हजेरी घ्यावी तशी. कुत्र्यांची तक्रार घेऊन आलेलं जोडपंही ऐकत राहिलं. मग काकांनी दुसरं नाव सुचवलं. टॅनयार्ड. कातडी कमवायची जागा. बिल्डरचा माणूस चुळबुळला. घर विकत घेणाऱ्यांना ते जरा वासाचं वाटेल, असं म्हणाला.

"वास केव्हाच गेला," काका म्हणाले. "जागा आहे अजून. माणसाबद्दल चूक होते. जागा तिथंच होती, एवढं खात्रीनं सांगता येतं."

टॅनयार्ड क्लोज हेच नाव लागलं.

मला वाटलं होतं, आता टकवेल संपला. पण पुढच्या शनिवारी काका चर्चमध्ये त्या पाटीसमोर खुर्ची उघडून बसलेले दिसले. मला राग आला. "अजून याच्याच मागे? त्या दुसऱ्यांची नावं आहेत ना तुमच्याकडे? त्यातला एखादा शोधा की."

"ते शोधीन. ते चांगले होते," काका म्हणाले. "पण मला हा कळायचाय. ओढ्यापलीकडचा पोरगा, सुमेधाताई. वास येतो म्हणून लोक याच्यापासून लांब उभे राहत असणार. मग तो कागद परत पाठवा म्हणताना याचा हात कसा वर गेला? जागेवर बसल्यावर माणसाला काय होतं, ते बघतोय."

मी शेजारच्या बाकावर बसले. मग ते म्हणाले, "आणि ही पाटी लावणाऱ्या बहिणीला हे माहीत असेल का हो?"

निखिलला लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये आयटीची नोकरी मिळाली आणि मीही तिथेच एका कंपनीत जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सामानाची व्हॅन पुढे गेली. काकूंनी भाजणीचा डबा दिला, ओमला जवळ घेतलं. ओम आता शाळेत जाणारा मोठा मुलगा होता, तरी त्या दिवशी त्यानं बूट उलटे घातले होते. काकांनी त्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तिथं कुठं बसणार?"

"अजून माहीत नाही, काका. गेल्यावर कळेल."

त्यांनी कुंपणापाशी उघडलेली आपली खुर्ची मिटली. आमच्या गाडीच्या मागे जाऊन सामान इकडेतिकडे सरकवून ती आत नीट आडवी ठेवली. मी नको नको म्हणत होते.

"जागा मिळेपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "आणि मिळाल्यावर दाराकडं लक्ष ठेवा. कोण उभं आहे ते बघा."

मला वाकून नमस्कार करायचा होता, पण त्यांना ते चालत नसे. मग मी त्यांचा हात हातात घेतला. निखिलनं गाडी सुरू केली.

टॅनयार्ड क्लोजच्या पाटीपाशी वळताना मी आरशात मागे पाहिलं. काका रस्त्याच्या कडेला उभे होते आणि काहीतरी सांगत होते. उभ्यानं असं सांगत राहिलेलं मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, कौन्सिलच्या सभेत. काचा बंद होत्या, त्यामुळे शब्द ऐकू आले नाहीत. त्यांची खुर्ची आमच्या गाडीत होती.